कानस उचलण्याआधी विचारणारे देवाजीकाकाजी

श्री. देवाजी कापगते यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळते. पण काकाजींच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी काही गुळमुळीत लिहिले, तर ते सगळ्यांत आधी त्यांनाच खटकेल.

तेव्हा मी दुर्गच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. एका सुट्टीच्या दिवशी पुस्तके घ्यायला भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात गेले आणि परत निघताना सायकलचे कुलूप उघडेना. मागचे चाक उचलून धरून, लोकांच्या नजरा चुकवत, मी कशीबशी काकाजींच्या टपरीपर्यंत पोहोचले. एक लाकडी खोका, वर तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्यांची माळ, एक शिकंजा आणि कानशींनी भरलेली पत्र्याची पेटी, एवढीच ती टपरी.

"काकाजी, नवीन चाबी बनवून द्या. लवकर," मी म्हणाले.

"शेवटच्या बारीले सोयीनं कधी उघडलं होतं?"

"सकाळी. तुमी चाबी बनवा न."

"सकाळपासून सायकल कुठं कुठं उभी केली?"

मला उन्हात उभे राहून घाम फुटला होता. मी चिडून म्हणाले, "तुमाले सायकलची पत्रिका काढायची हाये, का कुलूप उघडायचं हाये?"

काकाजींनी मान वर न करता उत्तर दिले, "पत्रिकाच काढून राहिलो, बेटा. कावून चिडतेस? सांग, कुठं उभी होती?"

सायकल सकाळी नळाजवळच्या चिखलात आडवी पडली होती. ते मी सांगितल्यावर त्यांनी रॉकेलची कुपी आणि एक बारीक तार माझ्या हातात दिली. "चाबी तं बरोबर हाये. नवीन कावून पाहिजे? धू." मी तिथेच फुटपाथवर बसून कुलूप धुतले. माझ्याच जुन्या किल्लीने ते उघडले, तेव्हा मला जो आनंद झाला तो कॉलेजच्या कोणत्याही तासाला झाला नव्हता. काकाजींनी मेहनताना घेतला नाही. "काम तं तू केलं," असे म्हणून ते पुढच्या माणसाकडे वळले.

काकाजी मूळचे भंडारा जिल्ह्यातले, साकोलीकडचे. धानाची थोडी शेती, भाऊ अनेक. भिलाईत कारखाना उभा राहत होता, त्या काळात ते मेहुण्याबरोबर ठेकेदाराकडे मजुरीला आले. इथल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वडिलांची हीच कथा आहे, माझ्या वडिलांचीही. ज्यांना कारखान्यात नोकरी लागली ते क्वार्टरमध्ये राहायला गेले. काकाजींना ती लागली नाही. दुर्गच्या स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका वृद्ध कारागिराजवळ ते किल्ल्या करायला शिकले आणि सुपेल्यात येऊन बसले. नोकरी न मिळाल्याचे दुःख त्यांनी बोलून दाखवलेले मी कधी ऐकले नाही. उलट ते म्हणतात, "प्लांटमधी लोहा बनते. पण त्याच लोह्याची आलमारी बंद पडली तं लोक मायाकडं येतात."

त्यांच्या कामाची एक पद्धत आहे, आणि ती सुपेल्यात सगळ्यांना माहीत आहे. बंद कपाट किंवा पेटी उघडून मागणाऱ्याला ते आधी विचारतात, "अंदर काय काय ठेवलं हाये?" मगच हात लावतात. उघडल्यावर सांगितलेले सामान दिसले नाही, तर कुलूप पुन्हा लावून टाकतात. एकदा त्यांच्या सख्ख्या साल्यानेच एक पेटी आणली. आत काय आहे ते त्याला धड सांगता येईना. काकाजींनी ती उघडली नाही. साला रागावून गेला, घरी काकीजींनी अबोला धरला. पुढे कळले की पेटी त्याच्या भावाची होती आणि दोघांत वाटणीचे भांडण चालू होते. काकीजी आजही हसून सांगतात, "माया भावासाठी पेटी नाही उघडली यायनं. पण दोघा भावाईचं भांडण कोर्टात जाता जाता राहिलं."

कोणाच्याही किल्लीची जास्तीची प्रत ते स्वतःजवळ ठेवत नाहीत. अजमावण्यासाठी केलेली किल्ली गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कानशीने सपाट करतात. वेळ जातो, माणूस "राहू द्या न काकाजी" म्हणतो, पण ते थांबत नाहीत.

मुलींना हे काम शिकवण्याची कल्पना त्यांना कशी सुचली, ते मला त्यांनीच सांगितले आहे. रिसालीतल्या एका क्वार्टरमधून बोलावणे आले. दार ओढले जाऊन आपोआप कुलूप बसले होते, बाई बाहेर आणि आत चुलीवर दूध. नवरा कारखान्यात बी-शिफ्टला, म्हणजे दुपारच्या पाळीला. काकाजी पोहोचेपर्यंत दूध आटून भांडे जळून काळे झाले होते आणि खिडकीतून धूर येत होता. दार काही मिनिटांत उघडले. "इतका उशीर कावून केला, बाई?" असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, "घरात माणूस नाही, काकाजी. परक्या माणसाले दार उघडाले कसं बोलवाव? लोक काय म्हणतीन?" शेजारणीने शेवटी आपल्या मुलाला पाठवले म्हणून ते आले होते.

सायकलवरून परत येताना काकाजींच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. भिलाईत निम्म्या घरांतले पुरुष कोणत्या ना कोणत्या शिफ्टला असतात. दारे मात्र कोणत्याही शिफ्टमध्ये अडकतात. मग हे काम बायकांना का येऊ नये?

आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या बैठकीत त्यांनी ही गोष्ट मांडली, तेव्हा मी बी.ए. होऊन घरी बसले होते. नोकरीसाठी अर्ज करत होते आणि उत्तरांची वाट पाहत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले. मंडळाच्या मागच्या खोलीत मुलींसाठी कुलूप-किल्लीचा वर्ग सुरू करावा, असे काकाजी म्हणाले आणि बैठकीत एकदम गलका झाला.

मंडळाचे सचिव श्री. वानखेडे यांची शंका सगळ्यांत गंभीर होती. ते कारखान्यात अधिकारी आहेत आणि बोलतात ते विचार करून. ते म्हणाले, "कापगतेजी, तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ही विद्या अशी आहे की उद्या एखाद्या सेक्टरमध्ये चोरी झाली, तर लोक आधी या मुलींकडे बोट दाखवतील. एखाद्याचं कुलूप बिघडलं तरी तेच. त्यांचं नाव एकदा खराब झालं की कोण निस्तरणार?"

काकाजी उभे राहिले. त्यांना सभेत बोलायची सवय नाही. ते एवढेच म्हणाले, "साहेब, दसऱ्यापर्यंत करून पाहू द्या. पोरीईच्या हातच्या एका बी चाबीनं कोणाचं कुलूप खाल्लं, तं वर्ग मी बंद करतो. तुमाले सांगाव नाही लागन."

बैठकीने ते मान्य केले. काकाजींनी आपला शब्द आमच्या हातांच्या भरवशावर पणाला लावला होता. ते हात तोवर कानस धरायलाही शिकले नव्हते.

माझ्या घरी हे सोपे गेले नाही. वडिलांना वाटले, मुलगी साहेबीण होईल म्हणून शिकवली आणि ही कानस घासायला निघाली. काकाजी स्वतः आमच्या क्वार्टरवर आले. चहा पुढे आला तरी वडील कपाळाला आठ्या घालूनच बसले होते.

"बी.ए. करून पोरगी लोहा घासन का, देवाजीभाऊ?"

"बी.ए. कुठं पळून जाऊन राहिलं?" काकाजी म्हणाले. "ते तं तिच्याजवळच राहीन. कानस वरतून."

वडिलांना हसू आवरले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गाला जाऊ लागले.

काकाजींसारखे शिकवणे मी कॉलेजात कुठे पाहिले नव्हते. मोटारीचे एक जुने इग्निशनचे कुलूप, म्हणजे ज्यात किल्ली फिरवून गाडी सुरू करतात ते, त्यांनी हॅकसॉने उभे चिरून ठेवले होते. आत पातळ पितळी पट्ट्या एकीमागे एक बसवलेल्या. प्रत्येकीला केसासारखी बारीक स्प्रिंग. योग्य किल्ली आत गेली की प्रत्येक पट्टी आपल्या जागेवर येते आणि मगच कुलूप फिरते. एक पट्टी जरी वर किंवा खाली राहिली तर सगळे अडते. हे आम्हाला डोळ्यांनी दिसत होते, बोटाने चाचपता येत होते. काकाजी म्हणायचे, "चाबी फिरत नाही म्हणजे एक पट्टी रुसली हाये. कोणती, ते शोधाव. सगळ्याईले मारू नये."

कानस मात्र ते सहजी हातात देत नसत. आधी तोंडी परीक्षा. माझी मैत्रीण कुंदा एकदा घाईत हिंदीतच म्हणाली, "काकाजी, ये तो अटक गया, थोडा घिस दूँ?" काकाजी म्हणाले, "घिसलेलं परत येते का, बाई? आधी इचार, मंग घिस." कधीपासून अडते आहे, त्याआधी काय झाले, दुसरी किल्ली आहे का, ती फिरते का, तीच किल्ली दुसऱ्या कुलपात कशी वागते, ही विचारपूस आम्हाला पाढ्यासारखी पाठ झाली.

पावसाळ्यात जामुलहून श्री. रहांगडाले नावाचे गृहस्थ आले. सिमेंटच्या कारखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांना आणण्या-सोडण्यासाठी त्यांनी एक मोटार घेतली होती. तिची किल्ली झिजून गुळगुळीत झाली होती आणि हलवून हलवून फिरवावी लागत होती. दार आणि इग्निशन, दोन्हींना तीच किल्ली. काकाजींनी ते काम मला दिले. झिजलेल्या किल्लीची हुबेहूब नक्कल केली तर झीजही हुबेहूब उतरते. म्हणून आधी मूळचे दात कुठवर असतील ते ओळखून मगच नवी किल्ली कापावी लागते. मी दोन कोऱ्या किल्ल्या वाया घालवल्या. तिसरी बरोबर झाली. गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि रहांगडालेजी खूश होऊन गेले. रात्री मी आईला ते पुन्हा पुन्हा सांगितले.

मग विश्वकर्मा पूजा येऊन गेली. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मंडळाची बैठक होती. दसऱ्याला थोडेच दिवस उरले होते आणि वर्गाचे पुढे काय करायचे, तोच विषय होता. वर्गाविरुद्ध एकही तक्रार आली नव्हती. आम्ही मुली मागच्या खोलीत नुसते बसून होतो, पण आमचे सगळे लक्ष बैठकीकडे होते.

इतक्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मोठ्याने बोलणे ऐकू आले.

"कापगतेजी कुठं हायेत? त्याईच्या पोरीनं माया गाडीचं वाटोळं केलं!"

ते रहांगडालेजी होते. सगळी बैठक दारात आली. गाडीच्या मागच्या सीटवर त्यांच्या वृद्ध मातोश्री बसल्या होत्या. "सकाळपासून खुडबुड करून करून आत्ता चालू झाली," रहांगडालेजी सांगत होते. "चार दिवसापासून हेच. तुमच्या चाबीनं अंदरचा पुर्जा खाल्ला. हे पाहा!" त्यांनी गाडी बंद केली आणि पुन्हा किल्ली फिरवून दाखवायला गेले. आता ती तसूभरही हलेना. त्यांनी जोर लावला, कपाळावर घाम आला, किल्ली जागची हलली नाही.

वानखेडे साहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता, वाईट वाटल्याचा भाव होता. "कापगतेजी," ते हळू म्हणाले, "मला हीच भीती होती."

ती किल्ली मी कापली होती. ती चुकली असेल तर वर्ग बंद होणार होता, कुंदाचा, सगळ्यांचा, आणि काकाजी भर मंडळात खोटे ठरणार होते. मला वाटले, आता काकाजी पुढे होतील आणि पाहतील काय ते. काकाजींनी मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"चाबी हिनं बनवली," ते म्हणाले. "काय नुक्स हाये, काय बिघडलं, ते बी हेच पोरगी शोधन. चाबी खराब निघाली तं माया शब्द कायम हाये. वर्ग आजच बंद."

"अहो, तुम्ही स्वतः बघा ना!" कोणीतरी म्हणाले.

"मी पाह्यलं तं तुमी म्हणसान, गुरुजीनं सांभाळून घेतलं. पोरगीच पाहीन. तुमी तिले पाहा." मग माझ्याकडे वळून, "घाबरून कावून राहिली? इचार."

मी गाडीजवळ गेले. "रहांगडालेजी, शेवटच्या बारीले सोयीनं कधी फिरली होती?"

"मागच्या हप्त्यापर्यंत मस्त फिरत होती. लोण्यासारखी."

"त्याच्यानंतर गाडी कोणी दुसऱ्यानं चालवली?"

"नाही."

"कुलपात तेल टाकलं?"

"मी? नाही बाप्पा! तुमीच सांगतलं होतं न, जामुलच्या धुळीत तेल टाकू नका."

हे खरे होते. जामुलच्या हवेत सिमेंट असते. कुलपात तेल घातले की ती धूळ धरून ठेवते आणि काही दिवसांत आत चिकट थर बसतो. हे मी त्यांना किल्ली देतानाच बजावले होते.

मी जुनी, झिजलेली किल्ली मागितली. ती त्यांच्या खिशात होती. आधी निदान हलवून तरी फिरायची, आज तीही अडली. मग नवी किल्ली मी दाराच्या कुलपात घातली. ती अगदी सहज फिरली.

"म्हणजे किल्ली बरोबर आहे," वानखेडे साहेब पुढे येत म्हणाले.

माझ्या तोंडून "हो" निघणारच होते. तेवढ्यात मागून काकाजींचा आवाज आला, "अजून नाही म्हणायचं, साहेब. चाबी बरोबर असून बी अंदरची पट्टी वाकवली असन. ते पाहाव लागन."

त्या क्षणी मला त्यांचा राग आला. सुटका समोर दिसत असताना त्यांनी ती घेतली नाही. आज लिहिताना वाटते, त्या दिवशी त्यांनी मला शिकवलेली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच होती. आपल्या बाजूचा पुरावा अर्धा असेल तर तो अर्धाच आहे, असे मोठ्याने म्हणायचे.

कुंदाने मेणबत्ती आणली. किल्लीचे दात मी ज्योतीवर धरून काजळीने काळे केले. काळी किल्ली आत घालून अलगद दाबायची आणि बाहेर काढायची. पट्ट्या जिथे टेकतात तिथे काजळी पुसली जाऊन चमक दिसते आणि कोणती पट्टी रुसली आहे ते कळते. मी किल्ली बाहेर काढली. सगळ्या खाचांत बारीक चमकदार रेघा होत्या. फक्त मधल्या एका खाचेत चमक नव्हती. तिथे लाल काहीतरी लागले होते.

मी बोटाने पाहिले. चिकट, रवाळ, लालभडक. नाकाजवळ नेले तर तिळाच्या तेलाचा वास.

"हे कुंकू हाये," मी म्हणाले. "रहांगडालेजी, चाबीले कुंकू कोणं लावलं?"

गाडीच्या मागच्या खिडकीतून उत्तर आले.

"मीच लावलं, बाई! विसकर्म्याच्या पूजेले चाबी बिनकुंकवाची ठेवाव का? तेलात कालवून चांगलं दाताले दाताले लावलं."

"माय! आन् मंग?"

"मंग काय? तूच म्हणला, पूजा झाली, आता गाडी चालू करून पाह्यतो. आन् खुपसली."

आधी कुंदा हसली, मग बैठकीतले सगळे, आणि शेवटी रहांगडालेजींनी कपाळावर हात मारून घेतला. भिलाईत त्या दिवशी लेथपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना कुंकू लागते. आमच्या घरीही आई वडिलांच्या पान्याला लावते. कुलपाच्या आत पूजा पोहोचवायचे मात्र या माउलींनाच सुचले होते. ओले कुंकू, तेल आणि जामुलची धूळ, तिघांनी मिळून ती एक पट्टी जागच्या जागी चिकटवून टाकली होती.

आजी आता कावऱ्याबावऱ्या झाल्या. "म्हणजे मायामुळं झालं का, बाप्पा?"

काकाजींनी पहिल्यांदा पाठीमागचे हात सोडले, गाडीजवळ गेले आणि वाकून म्हणाले, "आजी, तुमची पूजा पोचली. कुंकू मुठीले लावलं तरी देवाले पोचते. दात मोकळे ठेवाव, एवढंच."

मी कुलूप धुवायला घेतले. "बॅटरीची तार काढली का?" काकाजींनी विचारले. पेट्रोलजवळ ठिणगी नको म्हणून मी ती काढली. मग इंजेक्शनच्या सुईने कुलपात थेंब थेंब पेट्रोल सोडले, सायकलच्या पंपाने हवा मारली आणि खाली फडके धरले. फडक्यावर लाल थेंब पडू लागले. पुन्हा पेट्रोल, पुन्हा हवा. थेंब आधी गुलाबी झाले, मग स्वच्छ. सगळे वाळू दिले. शेवटी पेन्सिलीचे शिसे चाकूने खरवडून त्याची पूड किल्लीला लावली, कारण ती कुलपाला गुळगुळीत करते आणि धूळ धरत नाही. तार जोडली आणि किल्ली रहांगडालेजींच्या हातात दिली.

"तूच फिरव," ते म्हणाले.

मी फिरवली. काहीच अडले नाही. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झाले. मंडळाच्या अंगणात इतक्या टाळ्या मी गणेशोत्सवाच्या बक्षीस समारंभातही ऐकल्या नव्हत्या. माझी किल्ली बरोबर होती, आतली एकही पट्टी वाकलेली नव्हती, आणि हे आता सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आजींनी मला खिडकीतून जवळ बोलावले. मला वाटले, आशीर्वाद देतील. त्यांनी विचारले, "लगन झालं का तुयं?" मी नाही म्हणाले. "मंग वेळ हाये तुयापाशी. माया नातीले बी शिकव."

बैठक तिथेच, गाडीभोवती उभ्या उभ्या पूर्ण झाली. वानखेडे साहेब म्हणाले, "दसऱ्याची वाट पाहण्याचं कारण उरलं नाही. वर्ग कायमचा सुरू राहील. कापगतेजी, माझी भीती खोटी ठरली याचा मला आनंद आहे."

काकाजी म्हणाले, "खोटी नाही, साहेब. भीती बरोबर होती. ते राहू द्या. या कामात डर पाहिजेच. ज्याले डर नाही, त्याच्या हातात चाबी देऊ नये." वानखेडे साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

लोक पांगल्यावर मी फुशारकीने काकाजींकडे गेले. त्यांनी शाबासकी दिली आणि लगेच म्हणाले, "थोडी कसर आपली बी राहिली. तेलाचं सांगतलं, कुंकवाचं नाही सांगतलं. माया बी ध्यानात नाही आलं." त्या दिवसापासून आमच्या वर्गातून बाहेर जाणारी प्रत्येक किल्ली देताना आम्ही सांगतो, पूजा मुठीची करा, दातांची नको. गिऱ्हाइके हसतात, पण लक्षात ठेवतात.

त्या रविवारनंतर पुष्कळ काही घडले. रहांगडालेजींची भाची जामुलहून बसने वर्गाला येऊ लागली आणि तिने आम्हा सगळ्यांपेक्षा लवकर हात बसवला. कुंदाने रिसालीत स्वतःचा शिकंजा मांडला आहे. आता तिथल्या बायकांना दार अडकले की कोणाच्या मुलाला सुपेल्याला पिटाळावे लागत नाही, त्या सरळ कुंदाला हाक मारतात. मला शाळेत नोकरी लागली, तरी संध्याकाळी मी वर्ग घेते. माझे वडील कारखान्यातल्या सोबत्यांना अभिमानाने सांगतात की आमच्या मुलीजवळ दोन विद्या आहेत. ज्या मुलीच्या हातात एखादे काम पक्के बसले आहे, ती उद्या कोणत्याही गावी गेली तरी परावलंबी राहणार नाही, यावर माझा विश्वास आहे. तो विश्वास मला पुस्तकाने आणि काकाजींनी मिळून दिला.

काकीजींचा उल्लेख केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. वर्गातल्या मुलींना संध्याकाळी भूक लागते, हे काकाजींच्या लक्षात आले नव्हते, ते काकीजींच्या लक्षात आले. डब्यातून मुर्रा, म्हणजे मुरमुरे, आणि फुटाणे घेऊन त्या येतात आणि म्हणतात, "यायच्या प्रश्नानं पोट भरत नाही, पोरीहो. खा."

काकाजींनी आता साठी पूर्ण केली आहे. डोळ्यांना चष्मा लागला, गुडघे कुरकुर करतात, पण मुलीच्या हातातली कानस चुकीच्या बाजूला वळली की अजूनही लांबूनच नुसत्या आवाजावरून त्यांना कळते. ईश्वर त्यांना उत्तम आरोग्य देवो, त्यांचे गुडघे शिडी चढण्याइतके आणि कान आमच्या चुका ऐकण्याइतके शाबूत ठेवो. काकीजींसह त्यांनी पंचाहत्तरी आणि शंभरी आमच्यामध्ये बसून साजरी करावी. आमच्या वर्गात दरवर्षी नव्या मुली येतात. त्यांच्या हातून अजून पुष्कळ किल्ल्या बिघडायच्या आहेत, आणि त्या बिघडतील तेव्हा "आधी इचार" म्हणायला काकाजी समोर हवेत.